घोडीचं लाकूड आणि सराफाचा काटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून प्रत्येकाने आपल्या कामाविषयी सांगितलं. कुणी बियाण्यांच्या धंद्यात आहे, कुणी मोसंबीच्या बागेत, दोघं-तिघं सळईच्या कारखान्यात. मी जालन्यात गिटार आणि हार्मोनियम दुरुस्त करतो. "त्यात एवढं काय असतं रे?" असं जेवताना विचारलंत, म्हणून गिटारच्या एकाच तुकड्याविषयी बोलतो.

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी-तंबोरे बनतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या तारा ज्या तुकड्यावरून जातात, त्याला घोडी म्हणतात. गिटारमध्ये तोच ब्रिज. फरक इतकाच, की तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून पुढे जाऊन बुडाशी अडकतात, तर आपल्याकडच्या बहुतेक गिटारींत त्या ब्रिजमध्येच खुंट्यांनी रोवलेल्या असतात. सहा पोलादी तारांचा मिळून साधारण ७० किलोंचा ताण, आणि खाली जेमतेम ३ मिलिमीटरची तबली. तारेचं कंपन तबलीपर्यंत पोचतं ते या ब्रिजमधूनच.

आपल्या जिल्ह्यात सळई वजनावर विकली जाते. जड तेवढं मजबूत, हे आपल्या अंगात मुरलंय. ब्रिजचं तसं नाही. तो फार जड झाला, तर तारेची ताकद त्यालाच हलवण्यात जाते आणि आवाज दबतो. फार हलका झाला, तर आवाज चटकन उसळतो आणि तसाच विरतो. शिवाय ताणाखाली चिरण्याची भीती. साधारण २० ते ३५ ग्रॅममध्ये मला मेळ सापडतो.

आता लाकूड. एका ब्रिजचं आकारमान ३४ घनसेंटिमीटर धरा. सागवानाचा भरेल सुमारे २२ ग्रॅम, शिसवाचा २८, आबनुसाचा ३५च्या पुढे. सागवान हलकं, पण तेलकट. सरस धरायला कटकट. आबनूस कठीण आणि देखणं, पण जड. शिसव मधलं. तरीही नुसत्या नावावर जाऊ नये. एकाच शिसवाच्या दोन फळ्यांत चांगला फरक पडतो. म्हणून मी ठोकळा मोजतो, सराफाकडे असतो तसल्या बारीक काट्यावर तोलतो आणि वजनाला आकारमानाने भागतो.

सर, हे मी कुठल्या कारागिराकडे नाही शिकलो. नववीत तुम्ही प्रयोगशाळेत लाकडाच्या ठोकळ्याची घनता काढायला लावली होती, तेच गणित आजही पोटाला लावतंय.

ओलं लाकूड काट्याला फसवतं. म्हणून प्रत्येक ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहितो, दर आठवड्याला पुन्हा तोलतो. वजन उतरायचं थांबलं, की लाकूड वाळलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं, पावसाळ्यात धीर धरावा लागतो.

गेल्या वर्षी परतूरकडचा एक मुलगा आला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून कॉलेजची फी भरतो. ब्रिज उखडला म्हणून दुसऱ्या शहरात नवा बसवला होता. आबनुसाचा सांगून पैसे घेतलेले. गिटार मुकी झाली, कार्यक्रम सुटायला लागले. नवी घ्यायची ऐपत नव्हती. ब्रिज काढून तोलला, ४६ ग्रॅम! खरवडल्यावर काळा रंग निघाला, आत भलतंच लाकूड. मी शिसवाचा २७ ग्रॅमचा बसवला. तारा चढवून त्याने एकदाच हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "काका, हीच माझी गिटार," म्हणाला. ऑर्केस्ट्रात तो अजून वाजवतोय.

तो शिसवाचा तुकडा होता एका मोडक्या पलंगाच्या पायाचा. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण गावाकडची माळवदाची घरं पाडून स्लॅब टाकताहेत. टाका, पावसाळ्यात गळणाऱ्या घरात कुणी राहावं असं मी म्हणणार नाही. पण त्यातले सागाचे सर, शिसवी पलंग, देव्हारे चुलीत घालण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी एकदा मला कळवा. दोन-दोन पिढ्या वाळलेलं असं लाकूड वखारीत मिळत नाही. शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत, आणि झाडं काही आपल्या घाईने वाढत नाहीत. एका पलंगाच्या पायांत चार-पाच पोरांच्या गिटारी बोलत्या होतील. रास्त भाव देईन, आणि तोलून घेईन!