मूल, पुस्तक आणि मधला माणूस



वार्षिक व्याख्यानासाठी कवी, कादंबरीकार किंवा प्राध्यापक यांना बोलावण्याचा प्रघात आहे. नागपूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळणाऱ्या बाईला आपण बोलावलेत, याबद्दल मनापासून आभार. माझा विषय माझे रोजचे कामच आहे. मुलांना आणि किशोरवयीनांना पुस्तके देणारा माणूस दिवसभर काय करतो, ते काम तो कुठे शिकतो आणि आपल्या या सरहद्दीच्या पट्ट्यात त्याची गरज का आहे, एवढेच मी सांगणार आहे.

मुलांना पुस्तके देण्यात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मला पुष्कळदा विचारतात. कपाट उघडायचे, वहीत नाव लिहायचे, पुस्तक परत आले की खूण करायची. एवढेच काम असते तर खरोखर काही शिकायला नको होते. पण गावोगावच्या शाळांत अशी कपाटे आहेत. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपासून उच्च माध्यमिक शाळेला २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पुस्तके येतात, त्यांची नोंद होते आणि पुष्कळ ठिकाणी कपाटाला कुलूप लागते. पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, ही भीती त्या कुलपामागे असते. तेव्हा पुस्तकांची चणचण हे आपले पहिले दुखणे नव्हे. कपाटाजवळ जाणता माणूस नसतो, हे पहिले दुखणे आहे.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने ओळखली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते. त्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण मूल शाळेतून बाहेर पडले आणि त्याला वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे चार वर्षांत पुसली जातात. म्हणून महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहून १९१० साली तिथल्या विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बॉर्डन तीनच वर्षे राहिले. मात्र आल्यावर त्यांनी पुस्तके घेण्याइतकेच महत्त्व माणसे तयार करण्याला दिले. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला, तो भारतातला पहिला समजला जातो. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते. तिथे पुस्तकांच्या जोडीला चित्रे आणि खेळ ठेवलेले असत. लांबच्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. आणि पैशाची व्यवस्था अशी, की गावाने वर्गणी जमवली की तितकीच रक्कम पंचायतीने द्यायची आणि तितकीच सरकारने. गावाचा एक रुपया असा तीन रुपये होई. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो मला लागणार आहे.

दुसरे नाव डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकण्यासाठी लंडनला गेले. तिथे त्यांचे गुरू होते बर्विक सेयर्स. हे सेयर्स क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि मुलांच्या ग्रंथालयांचे मोठे पुरस्कर्ते होते. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि लगेच पुढचा सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मुलांच्या विभागात हे दोन नियम आपोआप पाळले जात नाहीत. मोठा माणूस पुस्तक मागून घेतो. आपल्याला काय हवे हे लहान मुलाला सांगता येत नाही आणि बारा-तेरा वर्षांचे मूल ते सांगत नाही. म्हणून मधे माणूस लागतो.

आता रोजच्या कामाकडे येते. माझा दिवस मुले येण्याच्या दोन तास आधी सुरू होतो. परत आलेली पुस्तके तपासायची. निखळलेले पान खळीने चिकटवायचे, कण्याला कापडी पट्टी लावायची. फाटकी पुस्तके मुले उचलत नाहीत आणि उचललीच तर आणखी फाडतात. मांडणी करताना चित्रांची पुस्तके दर्शनी पान समोर येईल अशी ठेवायची, कारण पाच वर्षांच्या मुलाला कण्यावरचे नाव वाचता येत नाही. फळ्या मुलाच्या हाताला येतील एवढ्याच उंचीच्या. मग नव्या पुस्तकांचे वाचन. मुलांच्या विभागातले एकही पुस्तक मी न वाचता फळीवर ठेवत नाही. आपण न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस मुलाला लगेच कळते आणि पुढच्या वेळी ते आपले ऐकत नाही.

मुले आल्यावर अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायचे. हे दिसते तेवढे सोपे नाही. चित्र मुलांकडे करून पुस्तक धरायचे आणि आपण कडेने वाचायचे. पान उलटण्याआधी क्षणभर थांबायचे. मधे प्रश्न विचारून भंडावायचे नाही आणि शेवटी तात्पर्य तर मुळीच सांगायचे नाही. गोष्ट संपल्यावर दोन मिनिटे गप्प बसले, तर मुले स्वतःच बोलू लागतात. मोठ्या मुलांसाठी पुस्तकाची ओळख करून द्यायची. कथानक ऐन रंगात आले की थांबायचे आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची ओळख अशी करून दिली, की त्या दिवशी एकही प्रत विभागात उरत नाही.

काम खरे अवघड होते ते न वाचणाऱ्या मुलापाशी. सातवीतला एक मुलगा रोज धाकट्या बहिणीला सोडायला येई आणि दाराशी उभा राही. त्याला मी कधी पुस्तक दिले नाही. एकदा त्याने पंपाच्या मोटारीची वायर कशी जळाली ते कोणाला तरी सांगितले. दुसऱ्या दिवशी विजेच्या साध्या प्रयोगांचे एक पुस्तक मी उघडे ठेवले. तो उभ्यानेच वाचू लागला. गोष्टीच्या पुस्तकापर्यंत यायला त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत माझे काम होते ते घाई न करण्याचे.

चौदा ते अठरा वयाची मुले तर बहुतेक वाचनालयांतून गळूनच जातात. बालविभाग त्यांना लहान वाटतो आणि मोठ्यांच्या विभागात त्यांना कोणी विचारत नाही. मुलगे अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके घेऊन बसतात. मुलींना अंधार पडण्याआधी घरी जायचे असते. त्यांच्यासाठी वेळ बदलावी लागते, वेगळी फळी लागते आणि आणखी एक पथ्य लागते. मुलीने शरीराविषयी किंवा मनाविषयी काही वाचायला नेले, तर ते तिच्या घरी, शाळेत किंवा शेजारी कुठेही बोलायचे नाही. हे पथ्य एकदा मोडले, की त्या मुलीबरोबर तिच्या सगळ्या मैत्रिणी जातात.

हे सारे शिकायचे कुठे? ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत वर्गीकरण येते, तालिकीकरण येते, संगणक येतो. मुलाशी बोलावे कसे, हे त्यात फारसे येत नाही. अलीकडे काही चांगल्या सोयी झाल्या आहेत. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा ग्रंथालय-शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम आहे. त्यात काही दिवस एकत्र वर्ग होतात आणि बाकीचे महिने आपल्याच ग्रंथालयात काम करत शिकायचे असते. गोव्यात पणजीला 'बुकवर्म' ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचे काम करते आहे. आपल्या मध्य प्रदेशात 'एकलव्य' संस्था १९८२ पासून आहे आणि तिचे 'चकमक' हे हिंदी मासिक १९८५ पासून निघते. पण सगळ्यात मोठी शाळा म्हणजे आपली स्वतःची वही. रोज संध्याकाळी मी पाच ओळी लिहिते. कोणी काय नेले, कोण काय न वाचता परत घेऊन आले, कोणत्या पानावर मुले हसली. वर्षभराने ती वही चाळली की पुढच्या खरेदीची यादी तीत तयार असते. दुसरी शाळा म्हणजे सोबतचे लोक. आम्ही पाचसहा जणी महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकीने एक नवे पुस्तक वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी ऐकून चुका सांगायच्या.

आता आपल्या पट्ट्याविषयी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधी नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तुम्ही इकडे राहिलात. पुढे महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याचे अनुदान तिकडच्या खेड्यातल्या वाचनालयाला मिळते, सरहद्दीच्या अलीकडे ते येत नाही. इथले मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत बहुधा हिंदीत शिकते. त्याला मराठी वाचता येत नाही, असे आपण धरून चालतो. खरे पाहता त्याला देवनागरी येते, म्हणजे मराठी वाचनाचा अर्धा रस्ता त्याने चाललेला आहे. उरलेल्या अर्ध्यात कोणते दगड आहेत, ते जाणत्या माणसाने ओळखायचे.

पहिला दगड 'ळ'. हिंदीच्या पुस्तकात तो भेटत नाही आणि आपल्या घरच्या वऱ्हाडी-नागपुरी वळणात त्याचा 'य' होतो. आजी 'केयी' म्हणते, शाळेचे पुस्तक 'केला' म्हणते आणि मराठी पुस्तकात 'केळी' छापलेले असते. मूल अडखळते ते अडाणीपणाने नव्हे, त्याच्यापुढे एका फळाची तीन रूपे उभी असतात. दुसरा दगड सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत छडी. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मुलांना हे शब्द गमतीने गोळा करायला दिले की आठवड्यात वही भरते. आणि मूल 'का करून राहिला' असे बोलले तर त्याला टोकायचे नाही. ज्या बोलीत त्याची आजी गोष्ट सांगते, त्याच बोलीच्या वाटेने ते छापील मराठीपर्यंत येणार आहे.

यासाठी साहित्यही हाताशी आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुष्कळ पुस्तके हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे मिळतात. तेच चित्र, तीच गोष्ट, दोन भाषा. ती फळीवर शेजारी शेजारी ठेवा. मूल आधी हिंदी वाचेल, मग मराठी उचलेल, कारण गोष्ट त्याला आता माहीत आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात. हिंदीशी भांडण मांडायचे कारण नाही. ज्या मुलाच्या हातात 'चकमक' आहे, त्याच्याच हातात उद्या 'किशोर' येईल.

शेवटी एक सूचना करते आणि थांबते. रामाकोन्यात मोठी इमारत बांधू नका. एक खोली, दीडशे निवडक पुस्तके आणि गावातलीच एक शिकलेली मुलगी किंवा सून, इतके पुरे आहे. तिला दुपारच्या तीन तासांचे मानधन द्या. ते उपकार म्हणून देऊ नका, पगार म्हणून द्या आणि दर महिन्याला वेळेवर द्या. पहिल्या वर्षी तिला शिकायला पाठवा. कापूस वेचणीच्या आणि संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत वेळ बदलण्याची मुभा तिला द्या. घरची जुनी पुस्तके दान म्हणून आली, तर त्यांतली मुलांच्या उपयोगाची नसलेली नाकारण्याचाही अधिकार तिला द्या. मग ते पुस्तक अध्यक्षांच्या घरचे का असेना. पैशासाठी बडोद्याचा हिशेब आहेच. एक वाटा मंडळाचा, एक ग्रामपंचायतीचा, आणि तिसऱ्यासाठी सरकारकडे जा. २०२३ पासून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आहे. नव्या जिल्ह्यात कार्यालये उभी राहत असताना ग्रंथालयाचा आणि त्यातल्या मुलांच्या विभागाचा अर्ज टेबलावर असू द्या. दोन वाटे आधीच जमलेले असले, की तिसरा मागताना हात जड होत नाही.

तुमच्यापैकी कितीतरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठी जपली. भजनात जपली, लग्नाच्या पत्रिकेत जपली, या व्याख्यानमालेतही जपली. माझे हे भाषण पुस्तिकेत छापून तुमच्या घरी येईल. तुम्ही ते वाचाल. पण तुमच्या घरात आज जो सात वर्षांचा नातू किंवा नात आहे, त्याला ही पुस्तिका पंचवीस वर्षांनी वाचता येईल का, याचे उत्तर येत्या दोनचार वर्षांत ठरायचे आहे. ते ठरवणारा माणूस नेमणे तुमच्या हातात आहे.