कवळ्याची नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अशा दिवशी मोठ्या विषयावर बोलण्याची रीत आहे. मी मात्र एका लहानशा भाजीविषयी चार शब्द सांगणार आहे. ती भाजी म्हणजे कवळा.

पावसाने जोर धरला की कोकणात भाताच्या बांधांवर, ओढ्याकाठी, पाणथळ गवतात कवळा उगवतो. आदिवासी भगिनी तो खुडून, जुड्या बांधून बाजारात आणतात. पुढे त्याला इवली पिवळी फुले येतात, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची. कारण कुळ एकच. भाजी मात्र फुलण्याआधीच्या कोवळ्या पाल्याची. कांदा, मिरची, भिजवलेली डाळ आणि वरून ओले खोबरे, एवढेच तिला पुरते.

शास्त्रात याचे नाव स्मिथिया सेन्सिटिव्हा. 'स्मिथिया' हे नाव १७८९ साली विल्यम एटन यांनी जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवले. 'सेन्सिटिव्हा' म्हणजे स्पर्श जाणणारी. हात लागला की हिची पाने मिटतात.

म्हणून कित्येकजणी हिला लाजाळूच समजतात. पण लाजाळूला काटे असतात आणि फुले गुलाबी गोंड्यांसारखी. कवळ्याला काटे नाहीत. दुसरी गल्लत टाकळ्याशी. नावे जुळती, दोन्ही पावसाळी, दोघांची फुले पिवळी. टाकळ्याची पाने मात्र मोठी, गोलसर, बहुधा तीन जोड्यांची, आणि तो रस्त्याकडेलाही माजतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर कवळ्याची थोरली बहीण फुलते, मोठा कवळा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेले. तिच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून पाहुणे तिला 'मिकी माउस' म्हणतात. मुलांना ते नाव आवडते; आवडू द्यावे. पण त्यात नुसते रूप आहे. 'कवळा' म्हणताच बाजारवालीला त्याची जागा, खुडण्याचा दिवस आणि शिजवण्याची रीत आठवते.

माझ्या सासूबाई पाला नुसता चाचपून भाजी ओळखत. माझ्या नातीने कवळा अजून पाहिलेलाही नाही. आमच्या गावची खाचरे मातीने भरली, तेथे घरे झाली. घरे हवीतच, भगिनींनो. पण ओल गेली की कवळा जातो, आणि कवळा गेला की त्याचे नाव कोणाच्या तोंडी राहणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात भाजीवालीशी दोन पैशांची घासाघीस न करता तिला दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे हिला काय म्हणतात, आणि ही कोठून आणली? उत्तरे मंडळाच्या वहीत लिहू या. पुढच्या स्मरणिकेत ती वही छापली, तर आपल्या सुनांना आणि नातींना भाजी निवडताना तिचा उपयोग होईल.