चित्रकाराचें चरित्र आणि रुपेरी पडदा

अमरावती-अकोल्याकडील जुन्या वाड्यांतून देवघराशेजारीं काचेच्या चौकटींत बसविलेली लक्ष्मी किंवा सरस्वती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस राजा रविवर्मा हें नांव नवें नाहीं. या चित्रकारावर श्री. केतन मेहता यांनीं 'रंगरसिया' हा हिंदी बोलपट काढला. तो २००८ सालीं तयार झाला. परंतु आपल्या चित्रगृहांत येण्यास त्यास २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. त्यास आधार कै. रणजित देसाई यांच्या कादंबरीचा. तेव्हां मराठी वाचकाचें लक्ष तिकडे वेधावें हें साहजिकच होतें.

हा बोलपट पाहून मनांत समाधान आणि खंत एकदमच उभीं राहतात. देवतांचीं चित्रें काढलीं म्हणून चित्रकार न्यायासनापुढें खेंचला जातो, हें कथेचें मुख्य सूत्र. कलावंताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तें निर्भयपणें मांडतें, आणि तो प्रश्न अद्याप शिळा झालेला नाहीं. परंतु सुगंधेच्या प्रणयकथेस इतकी जागा मिळाली आहे कीं, कुंचला धरणारा हात तिच्याआड झांकून जातो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठीं पुराणांतील चौदा प्रसंग रंगविणारा हा कलावंत, धाकटे बंधु राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन, वर्षानुवर्षें गांवोगांव हिंडून काम करीत असे. बंधूंच्या रोजनिशींत त्या श्रमांची नोंद आहे. प्रेमाइतके ते श्रम मोहक नसतील. पण चित्रें जन्मलीं तीं त्यांतूनच.

छापखान्याची हकीकत मात्र मनास भिडते. १८९४ सालीं मुंबईंत तो निघाला. एकेका रंगासाठीं निराळा दगड तयार करावयाचा आणि एकाच कागदावर रंगावर रंग चढवावयाचा, अशी ती किचकट कृति. तिच्यामुळें राजवाड्यांतील देवता थोडक्या पैशांत सामान्यांच्या भिंतीवर आली. अमरावतीच्या अंबादेवीचें दर्शन घडावें म्हणून अस्पृश्य बांधवांस १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, हें वऱ्हाड विसरलेलें नाहीं. त्या कागदी देवतेच्या दारीं मात्र कोणी कोणास अडविणारें नव्हतें.

पुढें दादासाहेब फाळके यांनींहि याच छापखान्यासाठीं काम केलें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. चित्रपटसृष्टि रविवर्म्याची अशी ऋणी आहे. तें ऋण या बोलपटानें अर्धें फेडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. उरलेलें अर्धें प्रेक्षकानें फेडावें. बोलपट अवश्य पाहावा. नंतर बडोद्यास जाऊन महाराजा फत्तेसिंह संग्रहालयांतील मूळ चित्रांपुढें घटकाभर स्वस्थ उभें राहावें. पडद्यावर जे श्रम दिसले नाहींत, ते तेथें दिसतील.