मिटलेल्या पुस्तकाची उजळणी

(दहावी-बारावीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "किती वाचून झालं?" महाविद्यालयात असताना मी इतिहासाचे एक प्रकरण चार वेळा वाचून परीक्षेला बसलो होतो. प्रश्न त्याच प्रकरणावर आला आणि मन कोरे झाले. "अभ्यासच केला नसशील," असे वडील म्हणाले. ते शब्द मला फार लागले. वाचन मी केले होते. राहिली होती ती उजळणी.

पुन:पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो. परंतु ओळख पटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. इतरांनी एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के!

आपल्याकडील परवचा आठवा. तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी, दिडकी म्हटली जात. हाती पुस्तक नसे. रोज थोडे, न पाहता म्हणायचे आणि चुकले की आजोबा तिथेच सुधारत. उजळणीचे सारे मर्म यात आले.

मित्रांनो, धडा आधी समजून घ्या. मग पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिहा. पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल शाईने भरा. हेच दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करा. लाल शाई कमी होत जाईल. गणितात एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने न सोडवता निरनिराळ्या प्रकरणांतील मिसळून घ्या. कारण कोणती रीत वापरायची, हे परीक्षेत कोणी सांगत नाही.

आणि पालकहो, "किती वाचलंस?" असे विचारू नका. रात्री जेवताना, "आज काय वाचलंस, ते मला सांग," असे म्हणा. मूल अडखळेल, तेव्हा रागावू नका. काय राहिले, ते त्याला परीक्षेपूर्वी घरातच कळले, हा लाभ मोठा आहे.