बाभळीखालचा दिवा

मायबहिणींनो, भाकरी थापत असाल तर हात चालू द्या, फक्त कान इकडं असू द्या. आज आम्ही मसणवट्याची गोष्ट सांगणार आहोत. लेकरं जवळ असतील तर त्यांनाही ऐकू द्या, त्यांनी घाबरावं असं यात काही नाही.

आमचं गाव दुधनेच्या काठचं. गावाच्या खालच्या अंगाला, पांदण संपते तिथं जुना मसणवटा आहे. नदीकडच्या बाजूला चिता रचतात. वरच्या अंगाला लिंगायत घरांच्या समाध्या आहेत, कारण त्यांच्यात पुरतात. मुसलमानांचं कब्रस्तान ओढ्यापलीकडं आणि दलित वस्तीची जागा आणखी लांब. जितेपणी वस्त्या वेगळ्या, तशा मेल्यावरही जागा वेगळ्या. निजामाच्या राज्यापासून हे असंच चालत आलं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पण ही वाटणी काही गेली नाही. कडेला बाभळीखाली लहान लहान ढिगारे आहेत. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. ती जागा त्यांची.

याच बाभळीची भुताची गोष्ट आहे. अमावस्येला तिथं दिवा दिसतो, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बसते आणि मेलेल्या लेकराला दूध पाजते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती अळवंतीण, म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. तिन्हीसांजेनंतर त्या वाटेनं कुणी जात नसे.

मागच्या पावसाळ्यात गटाची बैठक चालली होती. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले आणि गप्पा भुतांवर आल्या. जिची तिची गोष्ट निघाली. ऐंशीच्या घरातल्या एक आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "ती अळवंतीण मीच व्हते."

सगळ्या गप्प झाल्या.

आजींनी सांगितलं ते असं. त्यांची धाकटी जाऊ पहिलटकरीण होती. घरातच बाळंत झाली. मुलगी झाली, पण वार पडली नाही आणि रक्त थांबेना. बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली. राहिलेलं लेकरू आजींनी शेळीच्या दुधावर महिनाभर जगवलं. मग तेही गेलं. बाप्यांनी नेऊन बाभळीखाली पुरलं. बाईमाणसानं मसणात जायचं नाही, म्हणून आजींना जागासुद्धा दाखवली नाही. गुराख्याच्या पोराला विचारून त्यांनी ती शोधली. नंतर पाच-सहा वर्षं, जमेल त्या अमावस्येला, घर निजलं की वाटीत दूध आणि हातात दिवा घेऊन त्या जायच्या. ढिगाऱ्यावर दूध ओतायचं, घटकाभर बसायचं आणि परत यायचं.

आम्ही विचारलं, "मग आजी, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "बोलले असते तर मलाच चेटकीण केलं असतं."

बायांनो, या उत्तरावर आम्ही पुष्कळ बोललो. आपल्याकडं कोण कोण भूत होतं ते बघा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण नाही तर हडळ. विहिरीत जीव दिला तीही भूतच. जुन्या काळी बाळंतीण गेली की तिच्या मागं वाटेवर राळे टाकत. ती परत यायला निघाली तर दाणे वेचत बसेल आणि तेवढ्यात उजाडेल, असा समज होता. ती परत येऊ नये म्हणून एवढी खटपट. पण ती गेली का, रक्त का थांबलं नाही, गाडी वेळेवर का निघाली नाही, हे कुणी विचारलं नाही. भूत म्हटलं की विचारणं संपतं.

आणि भुताची गोष्ट नेहमी गोष्टच राहते असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातलं मानवत घ्या. १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळाच्या दिवसांत, तिथं बायांचे आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. पिंपळावरच्या मुंज्याला संतुष्ट केलं की गुप्तधन सापडतं, या समजुतीतून हे झालं असं खटल्यात पुढं आलं. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे पोलीस अधिकारी तपासाला आले होते. २०२४ साली त्यावर वेब मालिकाही आली, पोरांनी मोबाईलवर बघितली असेल. मुंज्या तर कुणाला दिसला नाही, पण जीव गेले ते खऱ्या लेकीबाळींचे.

आज आपल्याकडं कायदा आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, अमकी बाई करणी करते असं पसरवून तिला छळणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, हे सगळे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वर पाच ते पन्नास हजार दंड. कुणा बाईला गावात चेटकीण म्हणायला लागले तर ती एकटी पडण्याआधी गटानं तिच्या दारात जाऊन बसावं आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. दिवस गेले की आशाताईकडं नाव नोंदवा, लोहाच्या गोळ्या खा, बाळंतपण दवाखान्यातच करा. सरकारी दवाखान्यात ते फुकट आहे. तरीही कधी घरात किंवा वाटेत बाळंत व्हायची वेळ आली, रक्त थांबत नसेल किंवा अर्ध्या तासात वार पडली नसेल, तर अंगारा-धुपारा करत बसू नका, सासू-सासऱ्यांच्या होकाराची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. अशा वेळी काही तासांत बाई हातची जाते.

आमच्या गटानं आणखी एक केलं. हप्त्याच्या वहीच्या शेवटच्या पानांवर, गावात बाळंतपणात गेलेल्या बाया आठवून आठवून लिहिल्या. पहिलं नाव आजींच्या जावेचं. आजींनी ते सांगितलं तेव्हा कळलं, ते नाव आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. अळवंतीण मात्र सगळ्यांना ठाऊक होती.

दिवाळीच्या अमावस्येला आम्ही अकरा जणी आजींना घेऊन पांदणीनं गेलो. बाभळीखाली दिवा लावला. ढिगारा आता जमिनीला मिळालाय, पण आजींनी जागा बरोबर दाखवली. येताना वाटेत एका घरातून पोरगं ओरडलं, "आई, मसणात दिवा दिसतोय!" त्याची आई आमच्यातच होती. ती म्हणाली, "ये बाबा, जवळून बघ."

तुमच्या गावच्या मसणवट्याचीही अशी एखादी गोष्ट असेल. पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, ती कोण होती आणि कशानं गेली. नाव कळलं तर वहीत लिहून ठेवा.