चमत्कारिक बातमी आणि आपले हसू



या व्याख्यानमालेत बोलण्याची पाळी आमच्यावर येईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. 'पाळी' हा शब्द आमच्या ओळखीचा खरा, पण तो कारखान्यातला. आमचे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळीला जाण्यापूर्वीच्या दोन तासांत झाले. गेली पंचवीसएक वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करतो. तेव्हा आपण आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये; अनुभवाच्या चार गोष्टी तेवढ्या ऐकून घ्याव्यात.

विषय साधा आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, किंवा हल्ली मोबाइलवर कोणी काही धाडतो. झोपडीला लाखाचे वीजबिल आले, यंत्राने भलताच माणूस ओळखला, गाण्याने संगणक बंद पडला. आपण वाचतो, हसतो, शेजाऱ्याला दाखवतो, 'काय एकेक ऐकावे!' म्हणतो आणि पान उलटतो. या हसण्याबद्दल आज बोलायचे आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. १९ जुलै २०२४ या दिवशी जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले. आपल्या देशातही विमाने रद्द झाली, आणि काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र मिळाले. त्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घरोघर फिरली. आम्हीही ती पाहून हसलो. विमान आकाशात उडणारे आणि तिकीट एस.टी.च्या पासासारखे, हे दृश्य मोठे मजेदार होते, यात शंका नाही. पण हे झाले कशाने? क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचा एक राखणदार प्रोग्राम त्या संगणकांवर होता. चोर आत येऊ नयेत म्हणून बसवलेला. त्याला कंपनीने एक सुधारणा पाठवली. त्या सुधारणेत एकवीस रकान्यांचा हिशेब होता आणि प्रोग्रामजवळ भरलेले रकाने वीसच होते. तो एकविसावा रकाना वाचायला गेला आणि कोसळला, आणि त्याच्याबरोबर सारा संगणक. दुरुस्तीसाठी बऱ्याच ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी स्वतः जाऊन बसावे लागले. सुधारणा एकाच वेळी सर्वांना पाठवण्याऐवजी आधी थोड्यांना पाठवून पाहावी, ही गोष्ट कोणताही फिटर सांगेल. नवा पट्टा तो आधी एका मशीनवर चालवून पाहतो, साऱ्या खात्याला एकदम चढवत नाही. हा विचार त्या चिठ्ठीवर हसताना आपल्या मनात आला का? आमच्या तरी आला नाही. तो नंतर, चौकशीचा अहवाल वाचताना आला.

आता गाण्याची गोष्ट. जॅनेट जॅक्सन या अमेरिकन गायिकेचे १९८९ सालचे 'ऱ्हिदम नेशन' हे गाणे फार लोकप्रिय झाले होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीतील अभियंते रेमंड चेन यांनी २०२२ साली एका सहकाऱ्याकडून ऐकलेली जुनी हकिकत लिहिली. ते गाणे वाजवले की काही लॅपटॉप बंद पडत. एवढेच नव्हे, तर गाणे एका लॅपटॉपवर लावले तर शेजारी गप्प बसलेला दुसरा लॅपटॉपही बंद पडे! जगभर लोक हसले. पण यात भुताटकी कसलीच नव्हती. त्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी एक तबकडी असे. प्रत्येक वस्तूला स्वतःचा असा एक कंप असतो. झोका ज्या तालात झुलतो त्याच तालात ढकलला तर थोड्या जोराने तो उंच जातो, तसे त्या गाण्यातला एक स्वर तबकडीच्या कंपाशी नेमका जुळला आणि तबकडी डळमळली. उत्पादकाने उपाय केला तो असा: तेवढा स्वर गाळून टाकणारी एक चाळणी आवाजाच्या वाटेवर बसवली. पुढे त्या दोषाची सुरक्षेतील त्रुटींच्या यादीत रीतसर नोंदही झाली. कारण जे गाण्याने चुकून घडते ते उद्या कोणी मुद्दाम घडवू शकतो.

चेन यांनी आणखी एक शंका बोलून दाखवली आहे, ती आम्हांला फार मोलाची वाटते. ती चाळणी कशासाठी बसवली, हे इतक्या वर्षांनी कोणाला आठवत तरी असेल का? कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही शंका लगेच कळते. मशीनवरचे संरक्षक कठडे असेच नाहीसे होतात. बसवणारा निवृत्त होतो, कारण विसरले जाते, आणि नवा मुकादम म्हणतो, 'ही अडगळ कशाला?'

कंपाची गोष्ट निघालीच आहे, तर १९० वर्षांहून जुनी एक हकिकत सांगतो. इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे १८२६ साली बांधलेला एक झुलता पूल होता. १२ एप्रिल १८३१ रोजी चौऱ्याहत्तर सैनिक चार-चारांच्या रांगांनी त्यावरून छावणीकडे परतत होते. पावले एका तालात पडत होती. पूल त्या तालात डुलू लागला. सैनिकांना याची मौज वाटली. त्यांतल्या काहींनी कवायतीची धून शिट्टीवर धरली आणि पूल अधिक डुलावा म्हणून पावले मुद्दाम तशी टाकली. मग एक मोठा आवाज झाला आणि पुलाचे एक टोक खाली आले. चाळीसएक जण नदीत पडले, सुमारे वीस जखमी झाले. प्राणहानी झाली नाही, हे नशीब. चौकशीत आढळले की साखळीचा एक बोल्ट घडाईतच कच्चा होता. तेव्हापासून इंग्रजी फौजेत पुलावरून जाताना पावलांचा ताल मोडावा, असा हुकूम निघाला.

श्रोतेहो, पूल बोलू शकत नाही. डुलणे हीच त्याची भाषा. तो सांगत होता की कुठे तरी काही कच्चे आहे. त्याच्यावर उभे असलेले लोक मात्र शिट्टी वाजवत होते.

त्या सैनिकांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. का नाही, तेही सांगितले पाहिजे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात कामाला होतो. तिथे पत्रा कापणारा एक पॉवर प्रेस होता. पायाखालची पट्टी दाबली की वरचा ठोकळा एकदा खाली यायचा, पत्रा कापायचा, आणि वर जाऊन थांबायचा. हा प्रेस आठ-पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी, पट्टी एकदाच दाबली असताना दोनदा खाली येई. आम्ही त्याचे नाव 'भगत' ठेवले होते. 'आज भगताच्या अंगात आले' असे कोणी ओरडले की सारे खाते हसे. सुपारी ठेवा, नारळ फोडा, असल्या सूचना होत. आम्ही तेव्हा संघटनेचे खात्यातले प्रतिनिधी होतो, आणि नक्कल करण्यात आम्हीच पुढे होतो.

एके दिवशी दुसऱ्या पाळीत भगत पुन्हा अंगात आला. त्या वेळी एक एकोणीस वर्षांचा मुलगा कापलेला तुकडा काढत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

मशीन उघडले तेव्हा क्लचमधली एक स्प्रिंग मोडलेली निघाली. तिची किंमत खात्यातल्या माणसांच्या एका दिवसाच्या चहाएवढी. चौकशीच्या कागदावर मात्र 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. आम्ही भांडायला उभे राहिलो. मशीन कित्येक महिने बिघडलेले होते, हे साऱ्यांना ठाऊक होते, असे सांगितले. समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारले, 'लेखी तक्रार कुठे आहे?'

लेखी तक्रार नव्हती. विनोद होता. विनोदाला आवक क्रमांक नसतो.

भरपाई पुढे मिळाली, पण फार उशिरा आणि फार थोडी. त्या मुलाने आम्हांला कधी दोष दिला नाही. तो भेटला की डाव्या हाताने नमस्कार करतो. आमचा सारा धडा त्या नमस्कारात आहे.

आता याच्या उलट एक उदाहरण. १९८३ साली अमेरिकेत 'वॉरगेम्स' नावाचा चित्रपट आला. त्यात एक शाळकरी मुलगा खेळ शोधता शोधता टेलिफोनच्या तारेवरून लष्कराच्या संगणकात शिरतो आणि अणुयुद्ध ओढवण्याची वेळ येते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो ४ जूनला पाहिला. ते स्वतः पूर्वीचे नट. काही दिवसांनी एका बैठकीत त्यांनी या चित्रपटाची कथा सांगायला सुरुवात केली, तेव्हा काही जणांना हसू आवरणे कठीण झाले. पण शेवटी त्यांनी सेनाप्रमुखांचे अध्यक्ष जनरल व्हेसी यांना विचारले, असे खरोखर घडू शकेल काय? व्हेसी आठवड्याने उत्तर घेऊन आले. ते असे होते की, घडू शकेल, आणि प्रकरण आपल्याला वाटते त्याहून गंभीर आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये संगणकांच्या सुरक्षेविषयी आदेश निघाला. रेगनसाहेबांच्या राजकारणाशी, विशेषतः त्यांच्या कामगारविषयक धोरणाशी, आमचे कधीच जमले नसते. पण करमणुकीच्या गोष्टीवरून त्यांनी कामाचा प्रश्न विचारला, हे मान्य केले पाहिजे.

मात्र तेवढ्यानेही भागत नाही. त्या आदेशाने नागरी संगणकांवरही लष्करी गुप्तचर खात्याचा हात पोहोचत होता. अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींनी त्याला हरकत घेतली आणि १९८७ साली कायदा करून ते नागरी काम दुसऱ्या, बिनलष्करी खात्याकडे दिले. म्हणजे भीतीच्या पोटी किल्ल्या कोणाच्याही हातात देणे हेही बरे नव्हे. धोका आहे काय, हे विचारावे; आणि राखणीला कोण बसणार, हेही विचारावे.

शेवटचे उदाहरण हवाई बेटांचे. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी तिथल्या लोकांच्या फोनवर सरकारी संदेश आला: क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, ही कवायत नाही. लोकांनी मुलांना कवटाळले, काहींनी त्यांना रस्त्याखालच्या गटारात उतरवले. संदेश खोटा होता. तो चुकीचा असल्याचे फोनवर कळवायला अडतीस मिनिटे लागली. त्यातच, राज्यपालांना खरी गोष्ट दोन मिनिटांत कळूनही ती ट्विटरवर सांगता आली नाही, कारण प्रवेशाची खूण त्यांच्या लक्षात नव्हती, हे बाहेर आले. मग काय विचारता! साऱ्या जगाला हसायला विषय मिळाला.

'एका कर्मचाऱ्याने चुकीचे बटण दाबले' ही पहिली बातमी. तो कर्मचारी बडतर्फ झाला. त्याची चूक नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पूर्वीही तो कवायत आणि खरा प्रसंग यांत गोंधळला होता, असे राज्याच्या चौकशीत नमूद आहे. पण त्याच चौकशांत पुढे काय निघाले ते पाहा. कवायतीच्या ध्वनिफितीतच 'ही कवायत नाही' हे शब्द होते. लाखो माणसांना असा संदेश धाडायला एकट्या माणसाचे बोट पुरेसे होते; दुसऱ्याची सही लागत नव्हती. संदेश चुकला तर तो मागे कसा घ्यायचा, याचा मजकूर आधी तयार नव्हता. आता सांगा, दोष बोटात होता की व्यवस्थेत? बोट काढून टाकले की प्रकरण मिटले असे समजणारे लोक आम्ही फार जवळून पाहिले आहेत. हवाईत पुढे दोन माणसांची संमती सक्तीची झाली, ती कोणी तरी हसणे थांबवून अहवाल लिहिला म्हणून.

मंडळी, हसू नका, असे सांगायला आम्ही आलेलो नाही. न हसता आठ तासांची पाळी निघत नाही. पण हसून झाल्यावर आणखी एक मिनिट थांबा आणि दोन प्रश्न विचारा. हे घडले कसे? आणि याचा भुर्दंड कोणाला पडला? लाखाचे वीजबिल ज्या झोपडीला आले, तिथली बाई रोजगार बुडवून किती दिवस खिडकीसमोर उभी राहिली, हे त्या चौकटीत छापलेले नसते. ते आपणच विचारायचे असते. आणि तसले काही आपल्या बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या कारखान्यात दिसले, तर मित्रांना दाखवण्यापूर्वी एका कागदावर लिहा, तारीख घाला, तो कागद दप्तरी द्या आणि पोच घ्या.

पोच घ्यायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो.