पगार कुणाच्या हातचा?

(परभणी येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय : 'साम्राज्ये कोसळताना लष्कराची भूमिका'. माझं म्हणणं एका ओळीचं आहे. शिपायाचा पगार ज्याच्या हातून येतो, राज्य त्याचं. साम्राज्यं रणांगणापेक्षा पगारपत्रकात जास्त बुडतात.

बहमनी राज्य कसं उभं राहिलं ते शाळेत झालंय, सोडतो. त्याच्या वजिरापाशी, महमूद गावानपाशी येऊ. तरफा, म्हणजे प्रांत, चार होत्या, त्यानं आठ केल्या. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर सुलतानाची माणसं. आणि खरी मेख पुढेच : नेमलेल्या फौजेत जितके शिपाई कमी भरतील, तितका पैसा सरकारजमा. (समोरून : 'हजेरीपट!') बरोबर! आणि हजेरीपट तपासणाऱ्याचं काय होतं, ते इथल्या नोकरदारांना मी काय सांगणार? (हशा) 1481 साली बनावट पत्राच्या आधारे गावानची मान उडाली. त्या कटातला मलिक हसन मूळचा तुमच्या पाथरीचा.

थांबा, साईबाबांच्या जन्मगावाचा वाद मी काढत नाहीये. मला अजून शिर्डीला जायचंय. (मोठा हशा)

इतिहासकार फरिश्ता लिहितो, हा मलिक हसन पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला तिमाभट. विजयनगरच्या मोहिमेत पकडला गेला, धर्म बदलला, सरदार झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला, तीच निजामशाही. वऱ्हाडात इमादुल्मुल्क, विजापुरात आदिलखान, सगळे सुलतानाचेच सेनापती. बिदरच्या तख्तावर सुलतान पुढेही कितीतरी वर्षं बसलेला होता.  वसूल तेवढा या सेनापतींनी आपापल्याकडे वळवला.

आता अहमदचा मुलगा बुऱ्हाण. पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बुऱ्हाणनं निरोप धाडला : हे आमच्या वाडवडिलांचं गाव, ते द्या, बदल्यात दुसरं घ्या. इमादशहानं उलट तटबंदी वाढवली. 1518 मध्ये बुऱ्हाणनं पाथरी घेतली, पुढे गमावली, पुन्हा घेतली, किल्ला पाडला आणि गाव ब्राह्मण भाऊबंदांना देऊन टाकलं. अहो, तख्त मिळालं तरी कुलकर्णपण सुटत नाही! (हशा, टाळ्या) यात जातीचा अभिमान शोधू नका, तो माझा मुद्दा नाही. फौज पदरची होती म्हणून घरचा हट्ट पुरवता आला, एवढंच म्हणतोय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं. मग मोगल उरकतो. 1724 मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिजखानाला मारून निजामुल्मुल्क दख्खनचा धनी झाला. नाणं मात्र बादशहाच्याच नावाचं. 1853 मध्ये त्याच घराण्यानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, तो निजामानं पोसायच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी. मुद्दा तोच.

आणि 1948. सतरा सप्टेंबर परभणीकरांना मी सांगावा, असं नाही. निजामानं युद्ध थांबवलं, त्याचे सेनापती एल एद्रूस भारतीय फौजेच्या जनरल चौधरींना शरण गेले. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि वर्षसव्वा वर्षानं मुलकी माणसांच्या हाती कारभार देऊन निघून गेले. हैदराबादचे तरफदार झाले नाहीत, कारण त्यांच्या फौजेचा पगार दिल्लीहून येत होता.

(मागून : 'मग रझाकारांना पगार कोण देत होतं?')

हं. ते पगारी लष्कर नव्हतं. बंदूक होती, हजेरीपट नव्हता... नाही, नाही, मी टाळत नाहीये. तुम्ही बाहेर भेटा. अध्यक्ष उभे राहिलेत.